सगळ्यात इमानी खेळाडू

त्याला सगळे आजोबा म्हणतात. नातवंडं सोडा, त्याचं लग्नही झालेलं नाही, आणि वयही अजून पन्नाशीच्या अलीकडेच आहे. हे नाव त्याला पडलं ते व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर. तिथली बाकीची मंडळी विशी-पंचविशीतली, आणि हा गृहस्थ रोज तिथे भलामोठा व्हॉइस मेसेज टाकणार, त्याची सुरुवात 'आमच्या वेळी' अशी होणार. मग आजोबा नाही म्हणणार तर काय म्हणणार? त्याचे मेसेज कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही हे त्यालाही ठाऊक आहे. तरी तो बोलतो आणि पोरं न ऐकता अंगठा दाखवतात, असा तो व्यवहार वर्षानुवर्षं चालला होता. आपण त्याला अरेतुरेच करू. नाव काहीही असो, मानाने बोलावं असं त्याचं वागणं नाही.

आजोबाची मुख्य तक्रार जाहिरातींबद्दल. पूर्वी गेमच्या कंपन्या खोटं बोलायच्या, पण तोंडावर बोलायच्या, असं त्याचं म्हणणं. खोक्यावर आग ओकणारा ड्रॅगन, त्याच्या पायाशी तलवार घेतलेला वीर. घरी येऊन कॅसेट घालावी तर पडद्यावर एक हिरवा चौकोन सरकतोय. तो चौकोन म्हणजेच ड्रॅगन. पण फसवल्यासारखं वाटायचं नाही, कारण चौकोन त्यांनी द्यायचा आणि बाकीचा ड्रॅगन आपण आपल्या डोक्यातून घालायचा, असं ठरलेलंच होतं. आता ड्रॅगनचा एकेक खवला मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसतो, आणि विकतात मात्र भलतंच. गेम निघायच्या वर्षभर आधी ट्रेलर येतो. ट्रेलर येणार हे सांगणारा आणखी एक ट्रेलर त्याच्याही आधी येतो. वर 'तुमचं बालपण परत आलंय' म्हणून सोनेरी खोक्यात जुनाच गेम नव्याने येतो. माझं बालपण माझ्याकडून उचललं कधी आणि मलाच विकताय कधी, असं आजोबा विचारायचा. अर्थात विचारून झालं की ते सोनेरी खोकं पहिल्या दिवशी तोच घेऊन यायचा. भक्त कसला, पक्कं गिऱ्हाईक.

गंमत म्हणजे जाहिरातींवर उखडलेला हा माणूस पोटासाठी जाहिरातीच छापतो. गावाबाहेरच्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराची एक लांब खोली आहे, तिथे मोठमोठे फ्लेक्स छापायचं मशीन आहे. एका बाजूने पांढरा रोल आत जातो, वर छपाईचं डोकं डावीकडून उजवीकडे घसटत राहतं, आणि दुसऱ्या बाजूने हाताएवढा पट्टा-पट्टा करत चित्र बाहेर येतं. शाईचा वास कपड्यांतून जात नाही. आजोबाचं काम रंग बघायचं. मशीनजवळ उभं राहिलं की चेहरा दिसत नाही, चार रंगांचे ठिपके दिसतात. दहा पावलं मागे गेलं की ठिपक्यांचा माणूस होतो. आयुष्यभर हे पुढे-मागे करून आजोबाच्या चपलांनी फरशीवर एक वाट पाडली आहे.

त्याला गेमचं वेड लावलं ते ताईने. ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. लहानपणी घराखाली टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानदाराने गिऱ्हाईकं अडकवायला एक गेम लावून ठेवलेला असायचा. गिऱ्हाईकं कमी आणि ही दोघंच जास्त अडकली. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, ते काम ह्याचं. खेळायचं काम तिचं. हा सावध खेळायचा, खड्डा दिसला की थांबायचा, मागे जाऊन अंदाज घ्यायचा. ताई खड्डा दिसला की पळत सुटायची. पडली तर पडली, पुन्हा सुरू. प्रत्यक्षातही ती तशीच होती. जिन्याच्या मधल्या पायरीवरून उडी मारून तिने हनुवटी फोडून घेतली होती, आणि टाके घालताना डॉक्टरांना विचारत होती, व्रण राहील ना नक्की?

मोठेपणी दोघं एकाच गेमात रमली. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण खेळणारे त्याला नुसतं गाव म्हणतात. तळ्याकाठी एक गाव, तिथे आपण घर बांधायचं, झाडं लावायची, मासे धरायचे, शेजाऱ्यांशी बोलायचं. शेजारीही आपल्यासारखीच कुठली कुठली खरी माणसं. लढाई नाही, हारजीत नाही. अशा शांत गेमातही ताईने धिंगाणा घातला. तिने आपलं पात्र स्वतःसारखं बनवलं, हनुवटीवर व्रण काढला, एका पायात लाल बूट आणि दुसऱ्यात पिवळा घातला, आणि गावातल्या प्रत्येक छपरावर चढून खाली उड्या मारायला सुरुवात केली. लोकांचे गळ पळवायची आणि विहिरीत टाकायची. तिच्या घरात खुर्ची आडवी पडलेली असायची आणि पलंगावर मासे. शेजारी वैतागायचे, पण ती दिसली नाही की विचारायचेही.

आणि मग ताई गेली. साधा ताप म्हणून अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. याहून जास्त काही सांगता येत नाही. घरात आई आणि आजोबा दोघंच उरली.

तिचा फोन आईने बंद केला नव्हता. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत चार्जिंगला लावलेला असायचा. एके सकाळी तो वाजला आणि आईने चष्मा नसताना डोळे बारीक करून वाचलं, 'तुमच्या घराला गवत लागलंय.' आई उठून दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याकडे बघत उभी राहिली. आजोबाने तिला समजावलं की हे खरं घर नव्हे, गेममधलं. त्या गेमचा नियमच होता तसा. ज्या घराचं दार बरेच दिवस उघडलं गेलं नाही, त्याच्या उंबऱ्यावर गवत उगवायचं. गवत खिडकीपर्यंत पोचलं की घर मोडून जागा दुसऱ्याला द्यायचे, आतल्या सामानासकट. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग तू जाऊन उघड ना."

ताईचा पासवर्ड त्याला माहीत होता, त्याचा तिला माहीत असायचा. त्याने ताईच्या नावाने आत जाऊन दार उघडलं. गवत गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. मग तो रोजचा नेमच झाला. सकाळी कामावर जायच्या आधी आजोबा ताई व्हायचा. दार उघडायचा, उंबरठा झाडायचा, विहिरीपर्यंत जाऊन यायचा, थोडा वेळ खिडकीत उभा राहायचा. नुसतं दार उघडून परत गेलं तर कंपनीला ते यंत्र वाटेल अशी त्याला भीती होती. कोणी शेजारी बोलायला आला तर तो तिच्या नावाने लिहायचा, 'आत्ता नको, कामाला उशीर होतोय.' सुरुवातीला त्याने घरातली एक वस्तू हलवली नाही. मग खुर्ची पायात यायची म्हणून उभी केली. पलंगावरचे मासे तरी किती दिवस बघायचे, तेही काढले. चहाच्या वेळी आई रोज विचारायची, दार उघडलंस का? तो हो म्हणायचा, आणि त्यावर दोघांचं समाधान व्हायचं. ताईबद्दल वेगळं बोलायची गरज पडेनाशी झाली.

अशी बरीच वर्षं गेली, आणि कंपनीने गावाची नवी आवृत्ती काढायची घोषणा केली. आजोबाने ग्रुपवर नेहमीसारखी आगपाखड केली. त्यात एक सूचना मात्र कामाची होती, की नवीन अटी येतील, त्या वाचल्याशिवाय 'मान्य आहे' दाबू नका. आठवड्याभराने सकाळी ताईच्या नावाने आत जाताना त्याच्यासमोर त्या अटींचं पान उघडलं. लांबलचक पान होतं. बस चुकत होती. आजोबाने 'मान्य आहे' दाबलं, उंबरठा झाडला आणि कामावर गेला.

त्यानंतर महिन्याभराने दुपारी तो जेवून मशीनपाशी आला, तेव्हा मालकाने एक मोठं काम आधीच लावून दिलं होतं. चित्र उलटं लावलेलं असल्यामुळे पाय आधी बाहेर येत होते. आजोबा सवयीने ठिपके बघायला वाकला. लाल चांगला उतरला होता. शेजारी पिवळाही चांगला उतरला होता. मशीन आपल्या चालीने घसटत होतं आणि आजोबा तिथेच वाकलेला राहिला, कारण ते लाल आणि पिवळे दोन बूट होते, एकाच माणसाच्या पायातले. पुढचा पट्टा आला, गुडघे आले. कमरेवर ठेवलेला हात आला. मशीन बंद करायचं बटण हाताशी होतं, पण त्याला हात उचलवेना. हनुवटी आली, हनुवटीवरचा व्रण आला, आणि शेवटी फरशीवर उलगडलेल्या रोलवर ताई पुरुषभर उंचीपेक्षाही मोठी होऊन त्याच्याकडे बघत पडली. डोक्यावर अक्षरं होती, 'जी कधीच गेली नाही.' खाली लहान टायपात, 'आमच्या सगळ्यात इमानी खेळाडूला सलाम.'

मालक मागून येऊन उभा राहिला. म्हणाला, "चेहरा जरा फिका वाटतोय का?"

आजोबा दहा पावलं मागे गेला. असं भय त्याला दवाखान्यातही वाटलं नव्हतं, कारण तिथे निदान काय होतंय ते समजत होतं. तो मालकाला एवढंच म्हणाला की हो, फिका आहे. मग त्याने गुलाबी थोडा वाढवून दिला आणि काम पुन्हा लावलं. त्या संध्याकाळपर्यंत खोलीत ताईच ताई वाळत पडली होती.

घरी येऊन त्याने ताईची मेल उघडली. कंपनीने सगळं रीतसर कळवलेलं होतं. इतकी वर्षं एकही दिवस न चुकता गावात येणारी ती एकटीच खेळाडू निघाली होती. अटी मान्य केल्याबद्दल आभार. तिचं पात्र जाहिरातीत वापरण्यात येईल, आणि नव्या आवृत्तीसाठी तिच्या सवयी नोंदवून घेण्यात येतील.

खरं सांगायचं तर त्याने तेव्हाच कंपनीला कळवायला हवं होतं. पण मेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्याने खेळणं नियमात बसत नाही. कळवलं की खातं बंद, आणि खातं बंद की घर गेलं. शिवाय मेलच्या खाली एक गोष्ट लिहिलेली होती, आणि तिने त्याला गप्प केलं. नव्या गावात खेळाडू नसला तरी त्याचं पात्र थांबणार नव्हतं. आजवर जसं वागत आलं, तसंच आपलं आपण वागत राहणार होतं. आजोबाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे ताईला हात न लावता ताई चालणार. तिची स्वतःचीही कितीतरी वर्षं त्या खात्यात होती. जाहिरातींना आयुष्यभर शिव्या घातलेला हा माणूस एका जाहिरातीवर विश्वास ठेवून बसला. त्याला ताईला एकदा, फक्त एकदा, छपरावरून उडी मारताना बघायचं होतं.

तोवर गावभर तिचे फ्लेक्स लागले. चौकात, पुलाखाली, दवाखान्याच्या भिंतीवर. आजोबा बसमधून जाताना मान खाली घालायचा, पण लाल-पिवळे बूट खिडकीच्या खालच्या काठाशीच दिसायचे. आईला कुठे जायचं नसतं, तरी ती तयार होऊन बसथांब्यावर जाऊन बसायला लागली. थांब्याच्या मागे एक फ्लेक्स होता. आजोबा कामावरून येताना तिला तिथून घेऊन यायचा. एकदा उठताना ती वळून बघत म्हणाली, "बरी दिसतेय आता. गालावर रंग आलाय."

तो रंग मी घातलाय, असं सांगायचं त्याच्या ओठावर आलं होतं. त्याने आईची पिशवी हातात घेतली.

ग्रुपवर तर ताईशिवाय विषय नव्हता. कोण असेल ही बाई, कुठे राहत असेल, इतकी वर्षं एक दिवस चुकली नाही म्हणजे आजारी कधी पडली नसेल का. कोणी तिची चित्रं काढली, कोणी तसे बूट घालून फोटो टाकले. तिला भेटायला गेलं तर कामाला उशीर होतोय म्हणते, त्यावरूनही विनोद झाले. एकाने विचारलं, आजोबा, तुम्ही जुने, तुम्ही ओळखता का तिला? आजोबाने 'ओळखायचो' असं लिहिलं. ते पुसलं. मग लिहिलं, 'येता जाता दिसते.'

नवी आवृत्ती सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू झाली. आई अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. आजोबा ताईच्या खात्यात गेला नाही. तो स्वतःच्या नावाने गावात शिरला, एक पाहुणा म्हणून. तळं नवं होतं, पाण्यावरची लहर अगदी खऱ्यासारखी हलत होती. ताईच्या घरासमोर शे-दीडशे खेळाडू जमले होते. कोणी हलत नव्हतं. दर्शनाला आल्यासारखे सगळे दाराकडे तोंड करून उभे होते.

दार आतून उघडलं. ताईच्या खात्यात त्या वेळी कोणी नव्हतं, हे जगात फक्त आजोबाला ठाऊक होतं.

ती बाहेर आली. तिने उंबरठा झाडला. गर्दीतून कोणालाही धक्का न लावता कडेकडेने वाट काढत ती विहिरीपर्यंत गेली आणि तशीच परत आली. वाटेत एक कठडा होता, जेमतेम गुडघ्याएवढा. आजोबा पुढे सरकून बसला. ती कठड्यापाशी थांबली, खाली बघितलं, आणि वळसा घालून पायऱ्यांवरून उतरली. घरात गेली. उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. खुर्ची सरळ, पलंग स्वच्छ. ती खिडकीत येऊन उभी राहिली आणि बाहेर बघू लागली. गर्दीतले लोकही आपापल्या जागी तसेच उभे राहिले.

आईने हळूच म्हटलं, हाक मार तिला. आजोबाने गावातल्या तिच्या घरात शिरून लिहिलं, 'ताई.'

खिडकीतल्या बाईने मान वळवली. तोंड हललं. 'आत्ता नको,' ती म्हणाली, 'कामाला उशीर होतोय.'

"हिला कुठलं काम?" आई म्हणाली. मग बराच वेळ ती पडद्याकडे बघत राहिली. एकदा तिने आजोबाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. "अरे," ती म्हणाली, "हा तर तू आहेस."



"दात घासताना तू असाच उभा राहतोस खिडकीत. ती कधी एका जागी उभी राहिलीये का?"

आई उठून स्वयंपाकघरात गेली. आजोबा संध्याकाळपर्यंत पडद्यासमोरून हलला नाही. त्याला अजूनही वाटत होतं, की कुठेतरी खाली, त्याच्या स्वतःच्या सवयींच्या खाली, ती असेल, आणि एखाद्या वेळी वर येईल. घराच्या मागच्या भिंतीला शिडी होती, ताईने स्वतः लावलेली, छपरावर जायला. दिवसभरात ती शिडीपाशी दोनदा आली नि दोन्ही वेळा न चढता पुढे गेली. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा त्याने पडदा बंद केला, डोळे मिटले, आणि आपल्या खऱ्या ताईला आठवायचा प्रयत्न केला. त्याला खिडकीत उभी असलेली ताई दिसली. दुसरं काही आठवून बघितलं, लहानपणचं, दुकानातलं. तिथेही ती शांत उभी होती. तिचा आवाज आठवेना. ती धावायची हे त्याला माहीत होतं, पण धावताना दिसेना. तेव्हा मात्र आजोबा लहान मुलासारखा रडला. घर त्याने राखलं होतं आणि राखता राखता घरातल्या माणसाला स्वतःच बाहेर काढलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्याने कंपनीला सगळं लिहून टाकलं. ताई कधी गेली, खेळत कोण होतं, काहीही लपवलं नाही. घर मोडा, पण तिचा चेहरा त्या बाहुलीवरून काढा, अशी विनंती केली. उत्तर लगेच आलं, अतिशय गोड भाषेत. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. नियमानुसार खातं बंद केलं आहे. पण काळजी नसावी, हे पात्र लाखो खेळाडूंचं लाडकं झालेलं असल्यामुळे ते कायम गावात राहील, आणि त्याच्या घराला कधीही गवत लागणार नाही.

ग्रुपवरही त्याने खरं सांगितलं. एवढा लहान व्हॉइस मेसेज त्याने आयुष्यात टाकला नव्हता, त्यामुळे तो सगळ्यांनी ऐकला. पोरं वाईट नाहीत. त्यांनी मनापासून लिहिलं, काहींनी फोन केले. मग एकाने भीत भीत लिहिलं की आजोबा, राग मानू नका, पण आम्हाला हीच माहीत आहे, आणि हीच आवडते. आजोबाला राग आला नाही. त्याने गेम बंद केला, गेमचं मशीन उचलून कपाटावर ठेवलं, आणि ग्रुपवरही गप्प झाला. कामावर जात राहिला. थांब्यावरचा फ्लेक्स उतरला आणि तिथे साबणाची जाहिरात लागली. आईने बसथांब्यावर जाणं सोडलं. चहाच्या वेळी ती आता काही विचारायची नाही, आणि त्यामुळे चहा फार लवकर संपायचा.

एका संध्याकाळी दोघं जेवायला बसणार, ताटं मांडून झालेली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ग्रुपमधल्या एका मुलीचा मेसेज होता. 'आजोबा, सकाळी तळ्यावर भेटून छान वाटलं. हल्ली तुम्ही तक्रार करत नाही, शांतपणे ऐकून घेता. असेच राहा. आणि तुम्ही रोज ताईंच्या दारात जाऊन उभे राहता ना, ते बघून आम्हाला भरून येतं. त्याही तुम्हाला बघून दार उघडतात.'

आजोबाने कित्येक आठवड्यांत गावात पाऊल टाकलं नव्हतं. त्याने तो मेसेज दोनदा वाचला. त्याची तक्रार, त्याची आगपाखड, सगळं 'आमच्या वेळी' त्याने ग्रुपवर घातलं होतं, गावात कधीच नाही. गावात तो सभ्यपणे वागायचा. तेवढाच सभ्य माणूस आता त्याच्याशिवाय तिथे राहत होता, आणि लोकांना तो जास्त आवडत होता. त्या दारात रोज सकाळी उभे असलेले दोघेही तोच होता, आणि त्यातला एकही तो नव्हता. त्याने फोन ताटाशेजारी ठेवला.

आईने विचारलं काय झालं. त्याने सांगितलं, मग जे इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "आई, ताई चालायची कशी? मला आठवत नाहीये."

आईचे गुडघे गेलेत, उठताना ती टेबलाचा आधार घेते. तशीच ती उठली, दारापर्यंत गेली, तिकडे तोंड करून क्षणभर थांबली, आणि वळली. खांदा पुढे काढून, हनुवटी वर करून, पाय आपटत, कोणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी ती म्हातारी बाई स्वयंपाकघरात तरातरा चालत आली. टेबलाशी आली तेव्हा तिने वळणही घेतलं नाही. कमरेचा धक्का लागून ताट खाली पडलं, घरभर आवाज घुमला, पोळ्या फरशीवर गेल्या. आई थांबली नाही. खिडकीपर्यंत जाऊन, कट्ट्याला धरून, धापा टाकत उभी राहिली.

आणि आजोबाला ताई दिसली. क्षणभरच, पण अख्खी दिसली.

"ताट उचलायची नाही कधी," आई म्हणाली. तिला अजून दम लागत होता. "मागून तू यायचास उचलायला."

आजोबा खाली बसला आणि पोळ्या गोळा करू लागला.